पाय उचला

मराठीत ‘पाय उचल’ म्हणजे लवकर चाल. शाळेच्या वाटेवर रेंगाळणाऱ्या मुलांना मी हे शब्द इतक्या वेळा ऐकवले आहेत, की माझी चाहूल लागताच ती आपोआप धावू लागतात. याच शब्दांचा नेमका उलटा अर्थही होऊ शकतो, हे मला चाळिशी उलटल्यावर राजस्थानच्या वाळूत कळले.

माझा भाचा जैसलमेरजवळ पवनचक्क्यांच्या कामावर असतो. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत त्याने आम्हांला बोलावून घेतले. त्याने नुकतीच चारही चाके ओढणारी जीप घेतली होती, आणि ती मामाला दाखवल्यावाचून त्याला चैन कसे पडावे? जैसलमेरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर समचे वालुकापर्वत आहेत. तिकडे आम्ही निघालो. बरोबर वाट दाखवायला गावचे एक म्हातारेबुवा होते. जन्म उंटांमागे गेलेला, बोलणे मोजके.

पहिल्या दोन टेकड्या मजेत गेल्या. तिसरीच्या चढावर गाडीचा वेग मंदावला. भाच्याने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडले, मागून वाळूचे फवारे उडाले आणि गाडी पुढे जाण्याऐवजी खाली बसली. त्याने आणखी दाबला. समोरचा तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला. तेव्हा म्हातारेबुवा शांतपणे म्हणाले, “साब, पैर उठाइए.”

डिसेंबर महिना होता. अंगावर स्वेटर होते. म्हणजे गाडी काही उन्हाने तापली नव्हती. ती तापली होती स्वतःच्याच जोराने. मऊ वाळूत चाकाला धड आधार मिळत नाही. दर हातावर समोर साचणारी वाळू रेटत त्याला जणू सतत चढ चढावा लागतो. इंजिन भरधाव फिरते, पण गाडी मुंगीच्या पावलाने चालते. वेगाने जाताना समोरून जो वारा रेडिएटरला थंड करतो, तो येथे नसतो. त्यात वारा पाठीमागून असला, तर मग विचारायलाच नको. उष्णता निर्माण होते पुष्कळ आणि निघून जायला वाट थोडी, एवढेच ते सारे शास्त्र.

म्हातारेबुवांनी पुढे जे केले, त्यात जोराचे असे काहीच नव्हते. त्यांनी टायरमधली हवा सोडायला लावली. बत्तीस पौंडांची सोळावर आणली. टायर पसरट झाला, त्याचा ठसा लांबला आणि तेच वजन अधिक जागेवर वाटले गेले. उंटाचा तळवा असाच पसरतो, हे त्यांनी हाताचा पंजा उघडून दाखवले. चाकांभोवतीची वाळू हातांनी उपसली. मग आल्या चाकोरीनेच गाडी उताराने मागे घेतली, तिचे तोंड वाऱ्याकडे केले, बॉनेट उघडले आणि इंजिन हलके चालू ठेवून आम्ही वाट पाहत बसलो. रेडिएटरच्या झाकणाला कुणालाही हात लावू दिला नाही. तापलेले पाणी झाकण निघताच अंगावर उसळते. काटा खाली आल्यावर गाडी लो रेंजमध्ये टाकून, चढाला तिरके न जाता सरळ, एकसारख्या हलक्या पायाने आम्ही ती टेकडी चढलो.

पुढे मी या विषयावर थोडे वाचले. राल्फ बॅग्नोल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी १९२० आणि १९३० च्या दशकांत साध्या फोर्ड मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात हिंडला. तेथे उकळून वाफ होणारे पाणी म्हणजे जाणारे आयुष्यच. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी रेडिएटरची वाफ एका नळीने बाहेर टांगलेल्या पाण्याच्या डब्यात सोडली. वाफ तेथे निवून पाणी होई. डबाही उकळू लागला, की गाडी वाऱ्याकडे तोंड करून थांबवायची. मिनिटभरात इंजिन निवले, की सारे पाणी आपसूक रेडिएटरमध्ये परत ओढले जाई. त्या वाळूने त्याला इतके वेड लावले, की १९४१ साली त्याने वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूच्या शास्त्रावर ग्रंथ लिहिला आणि तो आजही प्रमाण मानला जातो. मला त्यातले गणित कळणार नाही. माझी मजल मॅट्रिकपर्यंत. पण थांबणे हादेखील यंत्राचाच एक भाग करता येतो, ही गोष्ट मात्र मला कळली, आणि ती जिव्हारी लागली.

कारण त्या टेकडीवर मला आठवत होता माझा एक विद्यार्थी.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. हा मुलगा सातवीत असताना मी त्याला एलिमेंटरी परीक्षेला बसवले. स्मरणचित्रात त्याचा हात असा चाले, की जत्रेतला पाळणा कागदावर फिरतोसा वाटावा. वस्तुचित्रात मात्र तो अडे. तांब्याचा काठ वाकडा, सावली मळकट. मी त्याला रोज शाळा सुटल्यावर थांबवू लागलो. एक तांब्या, एक फडके, दोन कांदे. चुकले, की कागद फाडून पुन्हा. सुरुवातीला तो विचारी, “सर, आता पाळणा काढू?” मी म्हणे, “आधी तांब्या.” पुढे त्याने विचारणे सोडले आणि मी समजलो, की मुलाला शिस्त लागली. त्याला ‘अ’ श्रेणी मिळाली. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी माझेही नाव घेतले. आणि त्या दिवसानंतर त्या मुलाने पेन्सिल हातात धरली नाही. इंटरमिजिएटला तो बसलाच नाही. गाडी मुक्कामी पोचली होती. इंजिन वाटेतच जळाले होते.

कुणी म्हणेल, म्हणून काय मुलांना मोकाट सोडावे? जोराशिवाय कोणती विद्या आली आहे? हा आक्षेप खरा आहे आणि तो मी स्वतःवर शंभर वेळा घेतला आहे. पण म्हातारेबुवांनी टेकडी सोडून दिली नव्हती. हवा कमी करणे म्हणजे हार खाणे नव्हे. पायाखालची भूमी कशी आहे हे मान्य करणे होय. डांबरी रस्ता रेट्याला रेटा देतो, म्हणून तेथे जोर चालतो. वाळू विरोधही करत नाही. ती नुसती सरकते आणि तुमच्याच जोराने तुम्हांला पुरते. काही मुलांची मने अशी असतात. ती उलट बोलत नाहीत. आणि उलट बोलत नाहीत, याचा अर्थ सारे ठीक आहे, असा आम्ही मास्तर लावतो.

आमच्या शाळेच्या भिंतीवर, वाळू रगडून तेल काढण्याचे ते सुप्रसिद्ध वचन मीच रंगवले आहे. कल्पना भर्तृहरीच्या नीतिशतकातली. मराठीत ती वामनपंडितांनी आणली. पण मूळ श्लोकात हा प्रयत्नांचा गौरव नाही. एक वेळ वाळूतून तेल निघेल, परंतु हट्टाला पेटलेल्या मूर्खाचे मन वळवता येणार नाही, असे कवीला म्हणायचे आहे. आम्ही अर्धाच श्लोक भिंतीवर घेतला. त्या रोजच्या तालमीत हट्टाला पेटलेला कोण होता, हे उरलेल्या अर्ध्यात आहे.

मग जोर कुठवर आणि कुठे थांबायचे? गाडीला काटा असतो; मुलाला नसतो. असतो तो एवढाच, की ‘पाळणा काढू?’ हा प्रश्न येणे बंद होते. आणि दुसरी खूण स्वतःत शोधावी लागते: मुक्काम कोणाचा आहे? ती ‘अ’ श्रेणी त्याला हवी होती की मला? याचे उत्तर मला त्या वेळीही ठाऊक होते. तरीही मी पाय उचलला नाही, म्हणून हा केवळ अनुभवाचा अभाव नव्हे, दोष आहे, असे मी मानतो.

गेल्या दिवाळीत त्याच्या घरावरून जात होतो. अंगणात तो धाकट्या बहिणीसाठी किल्ला करीत होता. मला पाहून चिखलाचे हात त्याने पाठीमागे घेतले. मी पायरीवर बसलो. बुरूज एका अंगाला ढासळत होता. माती जास्त ओली झाली होती, हे मला दिसत होते आणि जिभेवर आले होते. मी गप्प राहिलो. बऱ्याच वेळाने त्याचे हात पुढे आले. त्याने बुरुजावर थोडी कोरडी माती भुरभुरवली आणि ती मुरेपर्यंत तो स्वस्थ बसून राहिला.

मीही बसून राहिलो.