तराजू आणि पोथी

१९४१ साली दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा प्राचीन चांदीच्या नाण्यांच्या वजनांवरचा अभ्यास ‘न्यू इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. १९४३ साली संख्याशास्त्रावरचा त्यांचा एक निबंध भारतीय गणित संस्थेच्या नियतकालिकात आला. १९४४ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये गुणसूत्रावरील दोन जनुकांमधले अंतर काढण्याचे त्यांचे सूत्र प्रसिद्ध झाले, आणि १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिंघी जैन ग्रंथमालेत निघाली. यांतले पहिले तीन निबंध आले तेव्हा ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. ही यादी वाचली की आपण थक्क होतो, ‘बहुमुखी प्रतिभा’ म्हणतो आणि पान उलटतो. या थक्क होण्यात एक सोय दडलेली आहे. सगळे प्रतिभेच्या नावावर टाकले की नाण्यांचा, जनुकांचा आणि संस्कृत पोथ्यांचा अभ्यास एकाच माणसाला एकाच दशकात का जमू शकला, हा प्रश्न विचारावाच लागत नाही. माझे म्हणणे असे की निसर्गविज्ञाने आणि मानव्यविद्या यांची सामग्री वेगळी असली तरी पुराव्याची शिस्त एकच आहे, आणि कोसंबींच्या हाती ही शिस्त होती. तिच्याशी विषयाचे नाव जोडलेले नसते. छापील संशोधनाचा दर्जा ठरवताना पहिला प्रश्न तिचाच विचारायला हवा. आपली विद्यापीठे मात्र तो सोडून बाकी सगळे विचारतात.

नाण्यांचे काम जवळून पाहिले तर ही शिस्त म्हणजे काय ते कळते. आहत नाणी म्हणजे चांदीच्या पत्र्याचे कापलेले तुकडे. वजन जुळावे म्हणून त्यांचे कोपरे छाटलेले असतात, दर्शनी बाजूवर पाच ठसे असतात, आणि राजाचे नाव नाही की सन नाही. त्यामुळे अभ्यासकांचा सगळा वाद ठशांच्या अर्थावर चाले: हा सूर्य, हा डोंगर, हे चक्र, हे अमक्या राजाचे चिन्ह. कोसंबींनी हा वाद बाजूला ठेवला आणि नाणे तराजूत घातले. नाणे हातोहात फिरते तसे झिजते, म्हणजे वजनातली घट हा त्याच्या फिरण्याचा हिशेब. पण हे नुसते गृहीत धरून भागणार नव्हते. म्हणून त्यांनी आपल्या काळात बाजारात चालणारी, पाडल्याचे वर्ष छापलेली नाणी मोठ्या संख्येने तोलली. नाणी जितकी जुनी, तितके त्यांचे सरासरी वजन कमी आणि नाण्या-नाण्यांतला फरक अधिक, हे त्यांतून दिसले. मग ते तक्षशिलेच्या साठ्यांकडे वळले. आहत नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक ठसे असतात, कुठे एक, कुठे अनेक, कुठे एकही नाही. ज्या नाण्यांची पाठ कोरी ती सरासरीने सर्वांत जड, आणि मागचे ठसे वाढत जातील तसे वजन उतरत जाते, असे आढळले. याचा अर्थ हे ठसे एकाच वेळी मारलेले नाहीत. नाणे फिरत असताना वेळोवेळी कोणीतरी ते तपासून पाहत होते. ज्या व्यापारी जगाची एक ओळही लिहिलेली उरली नाही, त्याचे कामकाज अशा रीतीने वजनाच्या कोष्टकातून बाहेर आले. पुढच्या टप्प्याचे काम, म्हणजे कोणत्या खुणेचे नाणे कोणत्या राजाचे हे ठरवणे, नंतरच्या नाणेशास्त्रज्ञांनी जसेच्या तसे मान्य केले नाही. पण मतभेद नेमका कुठे आहे हे त्यांना दाखवता आले, कारण वजने, साठे आणि अनुमानाच्या पायऱ्या निबंधात उघड मांडलेल्या होत्या.

आता पोथ्यांकडे येऊ. भर्तृहरीच्या नावावरचे श्लोक शतकानुशतके लोकांच्या तोंडी राहिले आणि ज्याला जो श्लोक आवडला तो त्याने त्यात घातला. एका पोथीत आहे तो श्लोक दुसरीत नाही. दक्षिणेकडच्या पोथ्यांचा क्रम उत्तरेकडच्यांशी जुळत नाही. कोसंबींनी साडेतीनशेहून अधिक हस्तलिखिते पाहिली, त्यांचे कुळांप्रमाणे गट पाडले, आणि सर्व परंपरांत आढळणारे सुमारे २०० श्लोक वेगळे काढले. काही परंपरांतच येणारे श्लोक त्यांच्या खाली आले आणि एखाददुसऱ्या पोथीत भेटणारे सर्वांत शेवटी. भर्तृहरीने नेमके काय लिहिले हे आपल्याला कळले, असा दावा या मांडणीत नाही. कोणत्या श्लोकाच्या पाठीशी किती साक्ष आहे, एवढेच ती सांगते. या कामाची रीत पुण्यातच उभी राहत होती. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले होते, आणि विष्णु सीताराम सुखठणकर यांनी १९३३ पर्यंत आदिपर्व सिद्ध करून पाठनिश्चितीची तत्त्वे घालून दिली होती. त्यांच्या मुळाशी साधे निरीक्षण आहे: दोन पोथ्यांत एकच विशिष्ट चूक आढळली तर त्या एकाच जुन्या पोथीवरून उतरल्या असण्याचा संभव मोठा. एकसारखा बरोबर पाठ कुठेही टिकू शकतो, एकसारखी चूक मात्र वंश सांगते. सजीवांचा वंशवृक्ष काढताना जीवशास्त्रज्ञ समान बदलांकडे ज्या नजरेने पाहतात तीच ही नजर, आणि ग्रंथांच्या अभ्यासात ती १९व्या शतकातच रुळली होती. १९९८ साली ‘नेचर’मध्ये चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील एका भागाच्या ५८ हस्तलिखितांची वंशावळ जीवशास्त्रातल्या संगणकीय पद्धतीने काढलेली छापून आली, तेव्हा एकाच घराण्याच्या दोन शाखांची ती पुन्हा भेट झाली.

जनुकांच्या सूत्रातही हाच विचार आहे. दोन जनुकांमध्ये गुणसूत्रांच्या तुकड्यांची दोनदा अदलाबदल झाली तर त्या दोन अदलाबदली एकमेकींना पुसून टाकतात आणि संततीत काहीच दिसत नाही; शिवाय एका ठिकाणची अदलाबदल शेजारच्या अदलाबदलीला अडवते. जनुकशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी १९१९ साली दिलेल्या सूत्रात हा अडथळा धरलेला नव्हता, कोसंबींनी तो धरला, आणि त्यांचे सूत्र जनुकीय नकाशे करणारे आजही वापरतात. झिजलेले नाणे, उतरलेली पोथी, पुसली गेलेली अदलाबदल: तिन्हींत मूळ घटना डोळ्यांसमोर नाही, हाती आहे तो तिचा विस्कटलेला माग. अशा मागावरून मागे जाताना आपण कुठे फसू शकतो याचा आधीच हिशेब करावा लागतो, आणि तो वाचकापुढे ठेवावा लागतो.

यावर मानव्यविद्येच्या बाजूने रास्त आक्षेप येईल. श्लोक मोजता येतील, पण श्लोकाचा अर्थ कोण मोजणार? साहित्य, धर्म, नीती यांचा अभ्यास हा अखेर अर्थाचा अभ्यास आहे, आणि तो तराजूत घालणे म्हणजे त्याचा जीव काढून घेणे. या आक्षेपाला उत्तर कोसंबींच्याच एका पुस्तकाच्या वाटचालीतून मिळते. वा. वि. गोखले यांच्याबरोबर त्यांनी विद्याकराच्या ‘सुभाषितरत्नकोशा’ची आवृत्ती सिद्ध केली, ती १९५७ साली हार्वर्डच्या ग्रंथमालेत निघाली. संस्कृत दरबारी काव्याकडे कोसंबी मार्क्सवादी दृष्टीने पाहत, त्यात त्यांना एका सुखवस्तू वर्गाची कुंठित दृष्टी दिसे. याच संग्रहाचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या डॅनियल इंगल्स यांना हे मत मुळीच पटले नाही, आणि १९६५ साली निघालेल्या अनुवादाच्या प्रस्तावनेत त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. पण अनुवाद त्यांनी केला तो कोसंबी-गोखल्यांच्या संहितेवरूनच. अर्थावर दोघे टोकाचे भांडले आणि पाठावर एकत्र उभे राहिले. भांडण फलदायी झाले ते पायाखालची जमीन दोघांनी तपासलेली होती म्हणून. अर्थ लावण्याचे स्वातंत्र्य पुराव्याच्या शिस्तीने आक्रसत नाही, हे यातून मला ठामपणे म्हणावेसे वाटते. उलट संहिता, संदर्भ आणि काळ यांची शहानिशा न करता लावलेल्या अर्थाला विरोधही करता येत नाही; तो फक्त आवडतो किंवा आवडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि तोही कोसंबींच्याच चरित्रातून येतो. १९५९ साली त्यांनी रीमानच्या गृहीतकाची सिद्धता दिल्याचा दावा केला. संख्याशास्त्राच्या वाटेने अविभाज्य संख्यांच्या त्या प्रसिद्ध कोड्यापर्यंत पोहोचता येईल असा त्यांचा विश्वास होता. दावा टिकला नाही, गणितज्ञांत त्यांची प्रतिष्ठा घसरली, आणि १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला त्यांचा करार पुढे चालू ठेवला गेला नाही. दुसऱ्याच्या शेतात नांगर घालणाऱ्याचे असेच होते, असे म्हणणारे तेव्हाही होते. पण येथे ते परक्या विषयात शिरले नव्हते. गणित हा तर त्यांचा घरचा विषय. चुकले ते छापण्याच्या रीतीत. निबंध आला तो भारतीय कृषी संख्याशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात, जिथे संख्या-सिद्धांतातल्या एवढ्या मोठ्या दाव्याचा कस लावू शकणारे परीक्षक असण्याची शक्यता फार थोडी होती. म्हणजे ज्या माणसाने पोथ्यांच्या आणि नाण्यांच्या बाबतीत प्रत्येक पायरी वाचकापुढे तपासायला ठेवली, त्याने आपल्या सर्वांत मोठ्या दाव्याला तपासणीच्या कठीण वाटेवरून नेले नाही. कोसंबींविषयी आदर बाळगूनही हे स्पष्ट म्हणावे लागते. विषयांची सीमा ओलांडल्याने माणूस चुकतोच असे नाही. तपासणी टाळली की मात्र तो आपल्या अंगणातही चुकतो.

तिसरे म्हणणे व्यवहारी माणसाचे: ज्ञान आता इतके फोफावले आहे की एका माणसाने दोन क्षेत्रे सांभाळणे शक्य नाही. हे खरे आहे, पण त्यातून भिंतीचे समर्थन होत नाही, जोडीने काम करण्याची गरज तेवढी सिद्ध होते. २०२५ साली ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात एका परिस्थितिकी अभ्यासकाने आणि एका पुरातत्त्व अभ्यासकाने मिळून लिहिलेला निबंध आला. पश्चिम महाराष्ट्रातल्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यातली माळराने ही तोडलेल्या जंगलाचे अवशेष आहेत, असा समज वसाहतकाळापासून चालत आला आहे. म्हणून तिथे झाडे लावणे म्हणजे निसर्गाची भरपाई, असे मानले जाते. या दोघांनी मराठीतल्या ओव्या, चरित्रे, आख्याने आणि लोककथा यांतले १३व्या शतकापासूनचे वनस्पतींचे उल्लेख गोळा केले आणि दाखवले की गवत आणि विरळ काटेरी झाडे हे या प्रदेशाचे जुनेच रूप आहे. पंढरपूरच्या कान्होपात्रेच्या कथेतले तरटीचे झाड अशा पुराव्याचा उत्तम नमुना आहे. तरटी हे कोरड्या, उघड्या रानातले काटेरी झाड. कवी वनवर्णनात अशोक, चंदन, कदंब यांची नावे घेतो तेव्हा तो काव्यसंकेत पाळत असतो, त्यावरून अरण्य होते असे म्हणता येणार नाही. पण संकेताच्या यादीत कधीही न बसणारे तरटीसारखे झाड कथेत येते, तेव्हा ते आजूबाजूच्या जमिनीवरून आलेले असते. हा भेद वनस्पतिशास्त्रज्ञाला एकट्याने करता येत नाही, आणि तरटी कुठे उगवते हे साहित्याच्या अभ्यासकाला एकट्याने सांगता येत नाही. शिवाय ओवी कोणत्या शतकाची, हा प्रश्न उरतोच. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठ बिघडले होते म्हणूनच. एखादे वनस्पतिनाम मुळात होते की मागाहून शिरले, हे पाठचिकित्सेशिवाय ठरत नाही. माळरानावर झाडे लावायची की नाहीत, या आजच्या आणि पैशांच्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने पोथ्यांच्या कपाटापर्यंत जाऊन पोहोचते.

अशा कामाला आपल्या विद्यापीठांत किती किंमत आहे? गेली दीड दशके प्राध्यापकाचे संशोधन गुणांत मोजले गेले, आणि गुण मिळाले ते निबंधांच्या संख्येवर. परिणाम अपेक्षितच होता. २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये पुण्यातील संशोधकांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची तपासणी प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्या नियतकालिकांपैकी १,००९ त्यांनी पाहिली. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक सुमार दर्जाची किंवा संशयास्पद निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. नंतर तिच्या जागी आयोगाची ‘केअर’ ही नवी यादी आली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली. हा रोग मानव्यविद्यांचाच आहे अशी समजूत कोणी करून घेऊ नये. २०१५ साली ‘सायन्स’मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिल्याचा अहवाल आला; मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम संख्याशास्त्रीय दृष्ट्या ठळक होता, पुनरावृत्तीत तो ३६ टक्क्यांतच आढळला. आकडे, आलेख आणि तज्ज्ञ परीक्षक हे सगळे त्या निबंधांना होते. म्हणून नियतकालिकांची आणखी एक यादी करून हे निस्तरणार नाही. निबंधाची वाट दुसऱ्याला पायरीपायरीने चालता येते का, आणि चूक असेल तर ती कुठे आहे हे दाखवता येते का, हे प्रत्येक निबंध उघडूनच पाहावे लागेल, मग तो रसायनशास्त्राचा असो की महानुभाव वाङ्मयाचा.

मराठीच्या जुन्या हस्तलिखितांचे मोठे भांडार अजून चिकित्सक संपादनाची वाट पाहत आहे. एखादी विद्यार्थिनी त्यातला एक ग्रंथ संपादनासाठी घेऊ म्हणाली, तर विद्यापीठाने तिच्याकडे दरसाल दोन निबंधांची मागणी करू नये. तिला सहा-सात वर्षे द्यावीत, पाठभेदांच्या तळटीपा हेच तिचे संशोधन मानावे, आणि परीक्षक नेमताना भाषेच्या जाणकाराबरोबर, ग्रंथात झाडे असतील तर वनस्पतिशास्त्राचा आणि ग्रहणे असतील तर खगोलशास्त्राचा एक जाणकार बसवावा. याला नवा कायदा लागत नाही. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांनी मनावर घेतले तर पुढच्या सत्रापासून हे सुरू करता येईल.