आधी राजाईला उत्तर दे

तुझं हस्तलिखित मिळालं, आणि त्याच पाकिटात प्रकाशन समारंभाची छापील पत्रिकाही. तारीख ठरवायची, पाहुणे बोलवायचे आणि मग बाईंचं मत विचारायचं, ही रीत तू कुठे शिकलास? माझ्या वर्गात तरी नाही. मत मागितलंच आहेस, तर आता नीट बस आणि ऐक.

चंडीगढला नोकरी करताना संत नामदेवांच्या पंजाबातल्या वर्षांवर कादंबरी लिहावी असं तुला वाटलं, याचं मला कौतुक आहे. पंढरपूरचा एक शिंपी पायी उत्तरेला जातो, परक्या मुलखात, परक्या बोलीत गातो, आणि १६०४ साली गुरू अर्जनदेव आदिग्रंथ सिद्ध करतात तेव्हा त्याची ६१ पदं त्यात मानाने बसतात. असा विषय हाती आल्यावर लिहिणाऱ्याची झोप उडायला हवी. तुझी उडालेली दिसत नाही.

पहिल्याच प्रकरणात तुझे नामदेव घुमानची टेकडी चढतात. कुठली टेकडी? गुरदासपूर जिल्ह्यातलं, बियास आणि रावी या नद्यांच्या मधल्या सपाट मुलखातलं गाव ते. सकाळी चंडीगढहून निघालास तर दुपारच्या जेवणाला तिथे पोचशील, पण तू गेलाच नाहीस. घराच्या गच्चीवरून दिसणारे डोंगर उचललेस आणि घुमानला नेऊन ठेवलेस. पुढे गावकरी नामदेवांना ‘सत श्री अकाल’ म्हणतात. ते शिखांचं अभिवादन, आणि गुरू नानकांचाच जन्म १४६९चा. नामदेव त्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधी गेले. मग त्यांना मक्याची रोटी वाढली जाते. मका अमेरिकेतला, कोलंबसाच्या १४९२च्या सफरीनंतर इकडे आलेला. तुझ्या ताटात जे आलं ते तू चौदाव्या शतकात वाढून मोकळा झालास.

‘बाई, हे तपशील किरकोळ आहेत, भाव महत्त्वाचा,’ असं म्हणू नकोस. एखाद्याच्या ताटात काय होतं हे शोधायचा ज्याला कंटाळा, त्याला त्याच्या मनात काय होतं ते कसं सापडणार? आणि भावाचं म्हणशील तर खरी पडझड तिथेच आहे.

गोरोबाकाकांच्या घरचा प्रसंग काढ. संतमेळा जमलाय, मुक्ताबाई सांगते, काका, यातली मडकी पारखा. गोरोबा थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत जातात. बाकीचे गप्प बसतात, नामदेव चिडतात, रडवेले होतात, आणि भर मंडळीत निकाल लागतो की हे मडकं कच्चं. तुझ्या कादंबरीत काय होतं? नामदेव मंद हसतात आणि गोरोबांना क्षमा करतात! अरे, मग गुरू विसोबा खेचरांकडे औंढ्याला जायचं कारणच काय उरलं? चार पानांनी विसोबा भेटतात तेही तुझ्या नायकाचं कौतुक करायला.

या प्रसंगातली धग तुला कळलीच नाही. नामदेव काही नास्तिक नव्हते, आळशी नव्हते. प्रत्यक्ष विठ्ठल ज्याच्याशी बोलतो, ज्याच्या हातचं जेवतो, असा तो भक्त. आणि नेमकं तेच त्याला नडलं. देव माझा, मी देवाचा लाडका, हा भक्तीतला अहंकार सगळ्यात चिवट, कारण तो अहंकारासारखा दिसतच नाही. विसोबांनी तो काढला. देव नाही अशी जागाच नाही हे पटल्यावरच तो माणूस पंढरपूर सोडू शकला, एरवी विठ्ठलाला मागे ठेवून त्याची पावलं उत्तरेकडे वळलीच नसती. म्हणजे तुझी सगळी कादंबरी त्या थापटण्याच्या एका घावावर उभी आहे, आणि तोच घाव तू पुसून टाकलास. का, तेही सांगते. नायकाला कोणी कच्चं म्हणावं हे तुला सोसलं नाही, कारण तुला स्वतःला ते सोसत नाही.

आता राजाई. तीनशे पानांत नामदेवांची बायको एकदाही बोलत नाही. घरात अन्न नाही आणि नवरा टाळ घेऊन नाचतोय, ही तिची तक्रार नामदेवांच्या गाथेत तिच्या नावावरच्या अभंगांत आजही वाचता येते. ज्या परंपरेने ती तक्रार सातशे वर्षं जपली तिला भक्तीची किंमत माहीत होती. ती कोणी मोजली तेही माहीत होतं. तुझ्या वैराग्याला मात्र किंमतच नाही, नायक एका संध्याकाळी उठतो आणि निघतो. म्हातारी गोणाई, नारा, विठा, गोंदा, महादा ही पोरं, दारातली जनाबाई, यांच्यातलं कोणी त्याला अडवत नाही. अशा माणसाला मी संत म्हणणार नाही, घर टाकून गेलेला माणूस म्हणेन.

आणि तो काळ! १२९६ साली आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली, त्याच वर्षी अलाउद्दीन देवगिरीवर चालून आला. पुढे १३२७च्या सुमारास तुघलकाने दिल्लीची माणसं दौलताबादला हाकलली. दिल्ली दक्षिणेकडे ओढली जात होती त्या काळातला हा शिंपी उत्तरेची वाट चालतो. यावरच शंभर पानं होतील. तुझ्याकडे एकही ओळ नाही. समाधीचंही तेच. पंढरपूरला महाद्वारात नामदेव पायरी आहे, आणि घुमानची माणसं सांगतात की भगत नामदेव आमच्याकडेच राहिले. दोन्ही ठिकाणची श्रद्धा खरी. कादंबरीकाराने इथे मान खाली घालून बसायचं असतं. तू एका वाक्यात घुमान खोटं ठरवलंस.

प्रकाशन कंपनीशी केलेला तुझा करार वाचून तर मला संताप आला. छापायचे पैसे तू भरलेस आणि वर सगळे हक्क कायमचे लिहून दिलेस! १९५७चा कॉपीराइट कायदा लेखकाला हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं संरक्षण देतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण ५ वर्षांचंच धरायचं, इतकी काळजी तो कायदा घेतो, आणि तू ‘कायमस्वरूपी’ या शब्दाखाली सही ठोकलीस. आयएसबीएनचे वेगळे पैसे भरलेस. सरकारी राजा राममोहन रॉय एजन्सी तो क्रमांक फुकट देते. पैशांचं एक वेळ सोड. त्या पैशांत तू संपादकापासून सुटका विकत घेतलीस. मौजेचे श्री. पु. भागवत, राम पटवर्धन भल्याभल्या लेखकांकडून पुनःपुन्हा लिहून घेत, आणि ते लेखक त्याबद्दल आयुष्यभर ऋणी राहिले. तुझं हस्तलिखित त्या कंपनीत कोणी वाचलं तरी का? वाचलं असतं तर एकाच पानावर नामदेवांचं वय दोनदा वेगवेगळं आलं नसतं.

पत्रात लिहितोस, साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहिली. हो, फेब्रुवारी १९३३मध्ये, नाशिकच्या तुरुंगात. पण ती आई त्यांनी जन्मभर उरात वागवली होती. तू नामदेवांना किती दिवस वागवलंस? रोज सुखना तलावावर फिरायला जातोस ना, शेजारीच रॉक गार्डन आहे. फाळणीत गाव सुटलेला नेकचंद, साधा रस्ते निरीक्षक, नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून ते घडवत राहिला, आणि कोणाला बोलला नाही. लोकांना ते खुलं झालं १९७६ साली. तुला पहिला खर्डा संपताच हार हवेत.

तेव्हा समारंभ रद्द कर. निमंत्रितांना फोन करून स्वतः सांग, पुस्तक तयार नाही. करार वकिलाला दाखव. पैसे बुडाले तर बुडू देत. सेक्टर १४मध्ये पंजाब विद्यापीठात शीख अध्ययनाचा विभाग आहे, तिथे जाऊन ती ६१ पदं कोणाकडून तरी शिक, त्यासाठी आधी गुरुमुखी शिक. जानेवारीत, पंजाबी माघाच्या दुसऱ्या दिवशी, घुमानला मेळा असतो. धुक्यात जा, लंगरमध्ये जमिनीवर बस, म्हाताऱ्यांचं ऐक, वही खिशातच राहू दे. मग आधी राजाईचं प्रकरण लिही आणि मला पाठव. ते वाचल्याशिवाय बाकीचं एक पानही मी उघडणार नाही.