मेहुण्याच्या नावावरची गाडी

‘माझं सिबिल खराब आहे, म्हणून गाडी मेहुण्याच्या नावावर घेतोय.’ हे वाक्य आता इतक्या सहज बोलले जाते की ऐकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. बँक नाही म्हणाली, नाव बदलले, प्रश्न सुटला. गाडी आपल्याच दारात उभी राहणार, हप्ताही आपणच भरणार, मग बिघडले कुठे? बिघडते ते मेहुण्याच्या घरी, आणि तेही दोन-तीन वर्षांनी.

गाडीची गरज खोटी नसते. वसईजवळच्या निर्मळला राहणाऱ्याला नालासोपाऱ्याचे स्टेशन गाठायचे तर बस किंवा रिक्षा बघावी लागते. मध्यरात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कळ आली, की दारात चार चाके असण्याची किंमत कळते. फुले आणि भाजी दादरच्या बाजारात नेणाऱ्याला तर टेम्पो म्हणजे रोजीरोटी. गाडी घ्यावी की नाही हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न. ती कुणाच्या जिवावर घ्यावी, हा मात्र नीतीचा प्रश्न आहे.

सिबिलचा, म्हणजे आपली पत दाखवणारा, आकडा ३०० ते ९०० यांमध्ये असतो. तो खाली गेला म्हणजे माणूस लबाड, असे मुळीच नाही. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाच्या घरी आजारपण आलेले असते, कुणी मित्राला जामीन राहून फसलेला असतो. कुणी क्रेडिट कार्डाचे बिल ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणत साचू दिलेले असते. यातला आपला प्रकार कोणता, हे आधी स्वतःशी कबूल करावे लागते. त्यासाठी आपला पतअहवाल मागवून वाचावा. देशात पतमाहितीच्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. आपलाच अहवाल आपण पाहिल्याने आकडा घसरत नाही. फेडलेले कर्ज चालू दिसत असेल, तर तक्रार करता येते. ती तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ‘सेटल्ड’ असा शेरा दिसला, तर तडजोडीत सुटलेली रक्कम आजही आपल्या नावापुढे लिहिलेली आहे असे समजावे. शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी हे वाचन झालेले बरे.

खराब आकड्यावरही कर्ज देणारे भेटतात, पण महाग. पाच लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता सुमारे १०,३८० रुपये येतो. सोळा टक्क्यांनी तोच १२,१६० च्या घरात जातो. पाच वर्षांत फरक पडतो जवळपास १ लाख ७ हजारांचा. त्यात ‘फक्त नऊ टक्के फ्लॅट’ असे सांगणारा एजंट भेटला, तर जास्तच सावध राहावे. फ्लॅट दरात फिटलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज लागते, त्यामुळे ते नऊ टक्के प्रत्यक्षात पंधराच्या वर जातात. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या कर्जासोबत सगळे खर्च धरून वार्षिक दर सांगणारा कागद देणे बँका आणि वित्त कंपन्यांवर बंधनकारक आहे. तो कागद मागावा, आणि घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावा.

हा जाच टाळण्यासाठीच मेहुणा आठवतो. आता त्याच्या बाजूने पाहू. कर्ज त्याच्या नावावर असेल, तर आपला चुकलेला प्रत्येक हप्ता त्याच्या खात्यावर चढतो. उद्या त्याला मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज हवे असेल, तेव्हा आपला आळस त्याच्या आड येतो. नुसता जामीन राहिला, तरी १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. वसुलीवाला आधी त्याचे दार वाजवू शकतो. आरसी बुकावर नाव त्याचे असेल आणि आपल्या हातून अपघात झाला, तर भरपाईच्या दाव्यात मालक म्हणून तोच उभा राहतो. गाडी विकली तरी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

यातले आपण त्याला किती सांगितलेले असते? ‘फक्त एक सही पाहिजे,’ एवढेच. बहिणीचे घर समोर असताना तो नाही म्हणू शकत नाही. ज्याला नकार देण्याची मोकळीक नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणता येईल का?

दुसऱ्याच्या नावावरच्या कर्जाची एक गोष्ट तुकोबांच्या चरित्रातही आहे. त्यांच्या दुकानाचे दिवाळे निघाले होते. महिपतींनी लिहिलेल्या चरित्रकथेत त्यांची पत्नी जिजाई स्वतःच्या नावावर पैसे उभे करते आणि त्यातून तुकोबा मिठाचा व्यापार करतात. नफा होतो, पण वाटेत कर्जापायी गांजलेला एक गरीब भेटतो आणि सगळे पैसे त्याला देऊन तुकोबा रिकाम्या हाताने घरी येतात. कीर्तनात आपण त्या करुणेने गहिवरतो. कर्जाचे खत जिजाईच्या नावावर होते, ही गोष्ट मात्र मागेच राहते. त्याच तुकोबांनी लोकांकडून येणे असलेली खते इंद्रायणीत बुडवली, तेव्हा धाकट्या भावाचा वाटा आधी वेगळा करून दिला, असे परंपरा सांगते. जे आपले आहे ते बुडवण्याचा हक्क आपला; भावाचे आहे ते बुडवण्याचा नाही. उसन्या नावावर गाडी घेणाऱ्याने आपल्या व्यवहाराला हीच कसोटी लावून पाहावी.

ही कसोटी एकाच परंपरेची नाही. निर्मळमध्ये शंकराचार्यांचे मंदिर आहे, होली क्रॉस चर्चही आहे. चर्चला जाणाऱ्यांच्या हातातले बायबल नीतिसूत्रांच्या पुस्तकात दुसऱ्याला जामीन राहण्याबाबत पुन्हा पुन्हा बजावते. पण म्हणून आपल्या भागातील माणसे एकमेकांच्या मदतीला यायची थांबली नाहीत. आजच्या बेसीन कॅथलिक बँकेची सुरुवात १९१८ साली वसईतच झाली. १९०४ च्या पतसंस्था कायद्याखाली तर खेड्यातल्या संस्थेत सभासदांची जबाबदारी सहसा अमर्याद असे. एकाने बुडवले तर झळ साऱ्यांना लागे. म्हणून कर्ज कशासाठी आणि फेडणार कसे, हे उघड विचारले जाई आणि मगच मदत होई. तो उघडेपणा गेला, आणि नाव मागण्याची सवय तेवढी उरली.

म्हणून मला वाटते, सिबिल खराब असेल तर हौसेची गाडी पुढे ढकलावी. थकबाकी फेडावी, लहानसे कर्ज वेळेवर फेडून आकडा वर आणावा. तोवर रोखीत झेपेल अशी जुनी गाडी घ्यावी. आरसीवर आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा नाही याची खात्री करून, आणि स्वतःच्या नावावर. टेम्पोवर पोट असेल, तर महाग का होईना पण कमी रकमेचे कर्ज आपल्याच नावावर काढावे. आणि कुणाची सही मागण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर आधी आपला अहवाल त्याच्या हातात द्यावा, दोन्ही घरच्या बायकांसमोर सगळे सांगावे, आणि विचार करायला त्याला आठ दिवस द्यावेत. तो नाही म्हणाला, तर येत्या दिवाळीला त्याच्याकडे नेहमीसारखेच फराळाला जावे.