भोकात बसला म्हणजे झाले काय?



आमच्या मंडळीची जुनी अ‍ॅम्बॅसडर आजही दर रविवारी वृद्धांना व शब्बाथशाळेच्या मुलांना उपासनेस आणते. या गाडीचे उत्पादन 2014 साली थांबले. मध्यंतरी मागच्या पाट्यांकडून खडखड येऊ लागली. मिस्त्रीने पाहिले, तर अर्ध्या इंचाच्या, म्हणजे 12.7 मिलिमीटरच्या भोकात कोणी तरी 12 मिलिमीटरचा बोल्ट घातलेला! तो आत सहज गेला, नटही बसला. पण प्रत्येक खड्ड्यात हलून त्याने भोकच मोठे केले. त्याच गाडीत आपली मुले बसत होती.

मिस्त्रीने आम्हांस तीन गोष्टी शिकविल्या. पहिली, माप पाहा. ही गाडी मूळ मॉरिस ऑक्सफर्डच्या आराखड्यावरची. तिचे आटे इंची. दुसरी, बोल्टाच्या डोक्यावरील खूण पाहा. तीन रेघा असल्या तर तो इंची ग्रेड 5, मिलिमीटरच्या 8.8 बोल्टाएवढ्याच ताकदीचा. नेहमीचा स्टेनलेस बोल्ट चकाकतो, गंजतही नाही, पण ताकदीत त्याहून कमी. तिसरी, डोक्याखालचा गुळगुळीत दांडा जोडाच्या आरपार पोचतो ना, ते पाहा. आडवा भार दांड्याने घ्यावा. आट्यांवर आला तर बोल्ट तेथेच तुटतो.

ऐकता ऐकता आम्ही खजील झालो. शब्बाथशाळेचा एक वर्ग रिकामा होता, तेव्हा आम्ही एका उत्साही तरुणाला तेथे उभे केले. त्याची तयारी पाहिली नाही, सोबत कोणी दिले नाही. जागा भरली, एवढ्यावर आम्ही समाधान मानले. सहा महिन्यांत तो खचून निघून गेला आणि मुलेही पांगली. दोष त्याचा नव्हता. 12 मिलिमीटरचा बोल्टही वाईट नसतो. त्याची जागा दुसरी असते.

पौलाने मंडळीला शरीराची उपमा दिली, तीत प्रत्येक अवयवाला त्याचे स्थान आहे. म्हणून कोणावर सेवा सोपविण्यापूर्वी आपण प्रार्थनेने त्याचे दान ओळखू या. तो किती भार पेलील ते प्रेमाने विचारू या. प्रथम त्याला अनुभवी शिक्षकाशेजारी बसवू या.

नवा बोल्ट घातल्यावर मिस्त्री म्हणाला, "शंभर किलोमीटर चालवा आणि परत आणा. नट पुन्हा तपासायला हवा." आपल्या नव्या शिक्षकांच्या घरी आपण महिन्याभराने पुन्हा जातो काय?