हातून पडलेली वस्तु

नीतिशास्त्राचे ग्रंथ वाचतांना असा समज होतो कीं, नैतिक प्रश्न म्हणजे रणांगणावरचे, राजसभेंतले किंवा निदान न्यायमंदिरांतले प्रश्न होत. वस्तुतः मनुष्याच्या सदसद्विवेकाची परीक्षा बहुधा घरांतल्या लहानसहान प्रसंगींच होत असते. आणि तेथें साक्षीदार, वकील व न्यायाधीश हीं तिन्ही कामें त्याचीं त्यालाच करावीं लागतात. अशाच एका अगदीं सामान्य प्रसंगाचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

कल्पना करा कीं, एका तरुणानें बहिणीच्या लग्नासाठीं आपल्या स्नेह्याचा डिजिटल कॅमेरा मागून आणला. पट्टा मनगटाला गुंडाळलेला होता. तरी पंक्तींतून धांवत आलेल्या मुलाचा धक्का कोंपराला बसला, पट्ट्याची कडी निसटली आणि कॅमेरा फरशीवर आदळला. आतां हें नुकसान कोणाचें? तरुणाचें, कारण वस्तु त्याच्या हातून पडली? स्नेह्याचें, कारण वस्तु त्याची? कीं कोणाचेंच नाहीं, कारण हा केवळ अपघात?

ही वस्तु कशी आहे हें आधीं पाहिलें पाहिजे. स्टीव्हन सॅसन या ईस्टमन कोडॅक कंपनींतील अभियंत्यानें १९७५ सालीं डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना जुळविला, तेव्हां त्याचें वजन सुमारें ३.६ किलो होतें आणि एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर उतरविण्यास त्याला २३ सेकंद लागत. पुढें तीच विद्या मुठींत मावूं लागली, आणि जशी ती लहान झाली तशी नाजूकहि झाली. एकींत एक सरकणाऱ्या भिंगांच्या नळ्या, त्यांना हालविणारीं इवलींशीं दांतेरी चाकें, आणि भिंगांमागें मिलिमीटरच्या अंशांचा हिशेब राखून बसविलेली प्रकाशग्राहक चकती, असा हा संसार असतो. एक मीटर उंचीवरून पडणारी वस्तु अर्ध्या सेकंदाच्या आंतच जमिनीला टेकते, आणि त्या क्षणीं तिचा वेग सेकंदाला साडेचार मीटरांच्या जवळपास असतो. अशा आघातानें कधीं मागची कांच तडकते, आणि मग शंकेला जागाच उरत नाहीं. परंतु पुष्कळदां बाहेर एक ओरखडा तेवढा दिसतो, आणि आंत मात्र एखादें भिंग किंचित् कललेलें असतें. त्यामुळें चित्राची एक बाजू स्पष्ट व दुसरी धूसर येते, किंवा नळी अर्ध्यावरच अडकून बसते. चिनी मातीची बशी फुटली कीं नाहीं हें पाहणाऱ्यास तत्काळ कळतें. या यंत्राचें तसें नाहीं. हा भेद पुढें महत्त्वाचा ठरणार आहे.

दुसऱ्याची वस्तु आपल्या हातीं असतां बिघडली तर काय, हा प्रश्न मात्र कॅमेऱ्याहून फार जुना आहे. बाबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या सुमारें पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या विधिसंग्रहांत भाड्यानें घेतलेल्या बैलाचीं कलमें आहेत. तो बैल रानांत सिंहानें मारला तर हानि मालकाची. भाडेकऱ्याच्या हेळसांडीनें किंवा मारहाणीनें मेला तर बैलाबद्दल बैल द्यावा. आणि देवानेंच त्याला मारलें, तर भाडेकऱ्यानें तशी शपथ घेऊन मोकळें व्हावें. यहुदी लोकांच्या ‘निर्गम’ या धर्मग्रंथांत याहून सूक्ष्म भेद केला आहे: उसना आणलेला पशु मालक समक्ष नसतांना मेला किंवा जखमी झाला तर भरपाई द्यावी, मालक जवळ असेल तर द्यावयास नको. आमच्या याज्ञवल्क्यस्मृतींत राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळें गेलेली ठेव भरून द्यावयास लावूं नये असें सांगून, मालकानें मागितल्यावरहि न दिलेली ठेव नष्ट झाल्यास मात्र ती भरून द्यावी व तितकाच दंडहि भरावा असें म्हटलें आहे. आणि हाच नियम ‘याचित’ म्हणजे मागून आणलेल्या वस्तूंसहि लावला आहे. १८७२ चा भारतीय करार कायदा याच मार्गानें जातो. सामान्य शहाणपणाचा मनुष्य तशाच परिस्थितींत आपल्या स्वतःच्या तितक्याच मोलाच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी दुसऱ्याच्या वस्तूची घ्यावी, असें त्याचें १५१ वें कलम सांगतें. आणि तेवढी घेतली असल्यास, वेगळा करार नसेल तर, नुकसानीची जबाबदारी नाहीं, असें १५२ वें. शिवाय देणाऱ्यास माहीत असलेला वस्तूंतील दोष त्यानें घेणाऱ्यास आधीं सांगितला पाहिजे, असा १५० व्या कलमाचा दंडक आहे. पट्ट्याची कडी ढिली असल्याचें स्नेह्यास ठाऊक असेल, तर दोषाचा कांहीं वांटा त्याच्याकडेहि जातो.

तेव्हां कायद्याच्या दृष्टीनें आमचा तरुण बहुधा सुटला. तथापि त्या रात्रीं त्याला झोंप येईल काय? आणि आली, तर ती पाहून आपणांस बरें वाटेल काय?

येथें तत्त्वज्ञांची साक्ष काढणें उपयुक्त आहे. मनुष्याची योग्यता त्याच्या संकल्पावरून ठरते, परिणामावरून नाहीं, असें कान्टनें १७८५ मध्यें मोठ्या निष्ठेनें प्रतिपादिलें. त्याच्या आधीं १७५९ मध्यें ॲडम स्मिथनें मात्र एक अवघड गोष्ट नोंदवून ठेविली होती: हें तत्त्व सर्वांस मान्य असतें, आणि तरीहि प्रत्यक्ष निवाडा करतांना लोक परिणामाकडे पाहूनच रागावतात किंवा संतुष्ट होतात. १९७६ सालीं बर्नार्ड विल्यम्स व टॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनीं याच कोड्याला ‘नैतिक दैव’ अशा अर्थाचें नांव दिलें. विल्यम्सचा दाखला असा: कांहीं एक चूक नसतांना ज्याच्या मालमोटारीखालीं मूल सांपडलें, त्या चालकाला होणारें दुःख रस्त्यावरच्या प्रेक्षकाच्या दुःखासारखें नसतें, आणि तो जर प्रेक्षकासारखाच चटकन् सांवरला, तर आपल्याला त्याच्याविषयीं शंका वाटेल.

आमच्या मतें या गुंत्याची उकल दोष आणि देणें या दोन गोष्टी वेगळ्या केल्यानें होते. दोन तरुणांनीं सारख्याच निष्काळजीपणानें कॅमेरे हातांत मिरविले, एकाचा पडला व दुसऱ्याचा वांचला. तर दोष दोघांचा सारखाच, परंतु देणें एकाचेंच. उलट, ज्यानें पुरेपूर काळजी घेतली त्याच्याकडे दोष मुळींच नसेल, तरी त्याचें देणें त्यामुळें नाहींसें होत नाहीं. कारण देणें दोषांतून उत्पन्न होत नसून उपभोगांतून उत्पन्न होतें. कॅमेरा स्नेह्याच्या कपाटांत असता तर पडला नसता. तो पंक्तींत आला तो तरुणाच्या घरच्या कार्यासाठीं, त्याच्या विनंतीवरून, आणि एक पैहि भाडें न घेतां. लाभ सर्वस्वीं आपला आणि धोका सर्वस्वीं दुसऱ्याचा, ही वांटणी कायद्याला चालेल. स्नेहाला चालत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, मग दैव म्हणून कांहीं नाहींच काय? आहे, पण तो शब्द कोणाच्या तोंडीं शोभतो हा प्रश्न आहे. ज्याची वस्तु गेली त्यानें “अरे, व्हायचें तें झालें, मुद्दाम का टाकलास?” असें म्हटलें तर ती उदारता होय. तेंच वाक्य ज्याच्या हातून वस्तु पडली त्यानें प्रथम उच्चारलें, कीं ती पळवाट होते. सबब घेणाऱ्याचें कर्तव्य भरपाई पुढें करण्याचें, आणि देणाऱ्याचें ती सोडण्याचें किंवा घेण्याचें स्वातंत्र्य. घेणाऱ्यानें हें स्वातंत्र्य आधींच गृहीत धरलें, तर देणाऱ्याला उदार होण्याची संधिच राहत नाहीं.

भरपाई किती, हेंहि पाहिलें पाहिजे. सहा वर्षें वापरलेल्या कॅमेऱ्याबद्दल नवा कोरा मागणें म्हणजे अपघातावर नफा कमावणें होय. वस्तु ज्या स्थितींत होती त्या स्थितीला आणणें, आणि दुरुस्तीचा खर्च तिच्या मोलाहून अधिक होत असेल तर तशीच वापरलेली दुसरी मिळवून देणें, हा मध्यम मार्ग. आणखी एक मर्यादा आहे. ज्याला महिन्याचा खर्च भागवितां भागवितां नाकीं नऊ येतात, त्याच्या हातीं त्याच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी वस्तु देतांना देणाऱ्यानें ती धोक्यासकट दिली असें समजलें पाहिजे. तेथें पूर्ण भरपाई घेणें न्यायाचें असेल, पण शोभेचें नाहीं. आणि वडील माणसानें कौतुकानें आठ वर्षांच्या मुलाच्या हातांत कॅमेरा दिला असेल, तर पडल्यावर मुलाला मारणें हा शुद्ध अन्याय. तेथें देणें वडिलांचेंच.

परंतु या प्रसंगांतली खरी कसोटी पैशांची नव्हे. कॅमेरा पडला, उचलला, बाहेरून धड दिसला. चार दिवसांनीं तो “फार उपयोग झाला हो” असें म्हणून परत करतां येतो. पुढें महिन्याभरानें नळी अडकली तर कोणास काय कळणार? दुसरा मोह याहून सभ्य दिसणारा आहे. विकतांना दिलेल्या हमींत पडल्यानें झालेल्या नुकसानीचा समावेश बहुधा नसतो. म्हणून स्नेही स्वतःच सुचवितो, “आपोआप बंद पडला म्हणून सांगूं, कंपनीला काय कमी आहे?” येथें दोन मित्रांचा उदारपणा तिसऱ्याच्या खिशांतून चालतो. आणि तो तिसराहि शेवटीं आपला तोटा वस्तूच्या किंमतीवर चढवून, प्रामाणिकपणें पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकांकडूनच वसूल करण्याचा संभव असतो.

पडण्याला अर्धा सेकंद लागला आणि त्या अर्ध्या सेकंदावर कोणाची सत्ता नव्हती. पण मौन धरण्यास चार दिवस मिळाले होते, आणि त्यांतला प्रत्येक तास स्वतःच्या निवडीचा होता. कायदा, स्मृति व तत्त्वज्ञान यांच्याकडून पडण्याबद्दल मिळालेली क्षमा या चार दिवसांना लागू पडत नाहीं. हम्मुराबीच्या कलमांत दैवाचा आधार घेणाऱ्याला शपथ घ्यावी लागे, याचें मर्म येथें कळतें: जें घडलें तें जसेंच्या तसें सांगितल्याखेरीज अपघाताची सूट मागतां येत नाहीं.

शिवाय, सत्य सांगणें येथें व्यवहारालाहि धरून आहे. पडल्याचें कळलें तर मालक अडकलेली नळी पुन्हां पुन्हां सुरू करून तिचीं चाकें मोडणार नाहीं. बॅटरी काढून ठेवील. आधीं स्मृतिपत्रावरचीं चित्रें दुसरीकडे उतरवून घेईल. हें पत्र बहुधा अशा आघातांतून वांचतें. त्यांत फिरणारा भाग कांहीं नसतो. तो उत्साहाच्या भरांत यंत्र घरींच उघडणार नाहीं, कारण प्रकाशझोताच्या दिव्यासाठीं आंत सुमारें ३०० व्होल्टांचा विद्युत्संचय असतो व तो बॅटरी काढल्यावरहि कांहीं काळ राहून जोराचा धक्का देऊं शकतो. दुरुस्ती करणाऱ्यालाहि कोठें पाहावें हें समजेल. न सांगणारा मनुष्य केवळ पैसे वांचवीत नाहीं. एका अपघातांतून दुसरा उत्पन्न होण्याची सोय करून ठेवितो.

राहतां राहिली ती हानि, जिची भरपाईच नाहीं. तो कॅमेरा स्नेह्याच्या दिवंगत वडिलांनीं दिलेला असेल, तर बाजारांतला कोणताहि कॅमेरा त्याची जागा घेणार नाहीं. अशा वेळीं पैसे पुढें करून हात झटकणें हेंहि एक प्रकारचें पळून जाणेंच. तेथें त्याच्याजवळ बसून त्याचें दुःख ऐकून घेणें, एवढेंच देणें शक्य असतें, आणि तें पैशांहून जड जातें.

मागण्याचें व देण्याचें हें सारें दळणवळण शेवटीं विश्वासावर चालतें. आज प्रत्येकाच्या खिशांतल्या फोनमध्यें कॅमेरा आल्यामुळें तो मागण्याचे प्रसंग कमी झाले. तसेंच शिडी, मोठीं पातेलीं, पुस्तकें मागण्याचेहि शहरांत कमी होत आहेत. पुष्कळ घरांत आतां “आम्ही कोणाला कांहीं देत नाहीं” हा नियमच झाला आहे. त्याचें मूळ शोधूं गेल्यास फुटलेली वस्तु क्वचितच सांपडते. बहुधा सांपडते ती न सांगतां परत आलेली वस्तु. फुटल्याचें त्याच संध्याकाळीं दारांत येऊन सांगणाऱ्याला लोक पुन्हां वस्तु देतात.