पौषातली रात्र, वैशाखातली दुपार

बसा. हॉलमध्ये, टीव्हीसमोर, रोज जिथे बसता तिथेच.

टीव्ही लावू नका. सिनेमे पाहायला जो संगणक घ्यायचा आहे, तो अजून घरात आलेला नाही. टीव्हीखालचा कप्पा रिकामा आहे. त्या रिकाम्या जागेकडे पाहा.

श्वास येतो. श्वास जातो. त्याला येऊ-जाऊ द्या.

आता ऐका.

छतावरचा पंखा. फ्रिज. खालून गेलेली रिक्षा. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवतं.

उठा आणि पंखा बंद करा. पाती लगेच थांबत नाहीत. आधी एकेक वेगळं दिसू लागतं, मग अगदी सावकाश थांबतं. तेवढा वेळ उभे राहा.

ही पौषातली रात्र. पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, आणि पडद्यावर दोन माणसं काहीच न बोलता बसलेली. वैशाखात पंखा बाकीचे आवाज झाकून टाकतो. पौषात काहीच झाकलं जात नाही. (मुंबईत पौषातही पंखा फिरतो म्हणा. पुण्या-नाशकात तो थांबतो.)

संगणकाचं कॅबिनेट निवडायचं ते या रात्रीच्या कानांनी.

पुन्हा बसा.

मनातल्या मनात कप्प्यात एक कॅबिनेट ठेवा. आडवं, बुटकं, काळं. आत मिनी आयटीएक्स बोर्ड आहे, १७ सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद. बोर्डावर प्रोसेसर.

प्रोसेसर तापतो. जेवढी वीज तो घेतो, तेवढी सगळी उष्णता होऊन बाहेर यावी लागते. दुसरीकडे जायला तिला जागा नाही.

ती बाहेर कशी येते, तेवढंच पाहत राहू.

एक छोटा पंखा ऐका, ८० मिलिमीटरचा. तो भराभर फिरतो, त्याचा सूर वरचा, किरकिरा. आता त्याच्या जागी १४० मिलिमीटरचा बसवा. तेवढीच हवा हलवायला याला घाई करावी लागत नाही. पंख्याचा वेग दुप्पट झाला की आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो; निम्मा झाला की तेवढाच उतरतो.

उतरू द्या.

सूर खाली येतो. खर्जात जातो. मग नुसती हवा ऐकू येते.

हवा ज्या जाळीतून जाते ती पाहा. पत्र्याला बारीक भोकं पाडलेली असतील, तर हवा कडांवर अडखळते, फुसफुसते. तारेची मोकळी जाळी असेल, तर निघून जाते.

आता तो पंखाही काढून ठेवा.

प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा आहे. ठोकळ्यातून तांब्याच्या नळ्या निघतात आणि कॅबिनेटच्या जाड ॲल्युमिनियमच्या भिंतीला जाऊन मिळतात. स्ट्रीकॉमची किंवा एचडीप्लेक्सची बिनपंख्याची कॅबिनेटं अशीच असतात. तिथे भिंत हाच हीटसिंक, उष्णता हवेत सोडणारा भाग.

एकाच नळीपाशी राहा.

ती दोन्ही टोकांना बंद आहे. आतली हवा काढून घेतलेली. उरलंय थोडंसं पाणी. दाब इतका कमी की, पाण्याला वाफ व्हायला शंभर अंशांची वाट पाहावी लागत नाही.

गरम टोकाशी पाण्याची वाफ होते.

वाफ थंड टोकाकडे जाते.

तिथे उष्णता भिंतीला देते आणि पुन्हा पाणी होते.

नळीच्या आतल्या अंगाला तांब्याचा सच्छिद्र थर आहे. समईची वात तेल ओढते तसा तो पाणी ओढून गरम टोकाकडे परत आणतो. मोटार नाही, पंप नाही. १९६३ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अशी नळी करून पाहिली. पुढे ती अंतराळयानांतही गेली, कारण पाणी परत यायला उताराची गरज नव्हती.

वाफ जाते. पाणी येते.

तुम्ही पाहत राहा. घाई नाही.

आता भिंतीच्या बाहेर या. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या उभ्या आहेत. त्यांच्यामधली हवा ऊन होते, हलकी होते, वर जाते. खालून दुसरी येते. पट्ट्यांच्या वर तळहात धरा. ऊब लागते. आवाज नाही.

आणि आता वैशाखातली दुपार आठवा.

नागपुरात बाहेर ४५ अंश. हॉलमध्ये ३८ धरा. भिंतीला आपली उष्णता याच हवेत सोडायची आहे, म्हणून तिचं तापणं ३८ च्या वर सुरू होतं. इथे हट्ट नको. इंटेलच्या एन१०० सारखा ६ वॉटचा प्रोसेसर असेल, तर बिनपंख्याचं कॅबिनेट खुशाल घ्या; फोर-के सिनेमाला तो पुरतो. प्रोसेसर दांडगा असेल, तर मला मोठा, सावकाश फिरणारा पंखाच बरा वाटतो.

पुन्हा ऐका.

पंखा गेला की त्याच्यामागचे आवाज पुढे येतात. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी हार्डडिस्क सेकंदाला १२० वेळा थरथरते; पातळ पत्रा ती थरथर उचलतो आणि घुमतो. रबरी बूच तिला थोडं अडवतं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. कधी बोर्डावरची एखादी कॉइल बारीक शीळ घालते. तिला कुठलंच कॅबिनेट पुरतं लपवत नाही.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात यातलं काही ऐकू येणार नाही. तिथे बोटं वापरा. पत्र्यावर टिचकी मारा आणि थांबा. पातळ पत्रा वाजत राहतो. जाड पत्रा ठक्क करून गप्प बसतो. झाकण दाबून पाहा, हलतं का. पंख्याची जागा १२० मिलिमीटरची आहे का, १४० ची, ते विचारा.

पण त्याआधी, घरातच, कप्प्याशी जा. मागची फळी बंद असेल तर उष्णता तिथेच कोंडते. ती फळी काढता येते का पाहा. मग टेप घेऊन कप्प्याची उंची मोजा, आणि कॅबिनेटच्या वर चार बोटं जागा मोकळी राहील असं माप चिठ्ठीवर लिहून घ्या.