चूक होणार, हे धरून

पाण्याखाली गेलेल्या माणसाचं वेळेचं भान फार लवकर सुटतं. पाहण्यासारखं पुष्कळ असतं, आणि पाठीवरच्या टाकीत हवा मात्र मोजकीच. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर झाँ-जाक फिश्टर असाच बुडी मारून गेला, रमला, आणि हवा संपली तेव्हा भानावर आला. घाईघाईने वर येणंही जिवावर बेतणारं. खोलातून एकदम वर आलं की रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. फिश्टर वाचला.

तो स्वित्झर्लंडमधल्या ब्लाँपाँ या घड्याळ कंपनीची सूत्रं सांभाळत होता. या कंपनीची सुरुवात १७३५ सालची, जुरा पर्वतातल्या विलेरे गावातली. घराण्यात पुढे चालवणारं कुणी उरलं नाही, तेव्हा कारखान्यातच काम शिकून वर आलेल्या बेट्टी फिश्टर यांनी १९३३ साली एका सहकाऱ्याच्या साथीने ती विकत घेतली. झाँ-जाक त्यांचा भाचा. जुन्या नावाच्या पुण्याईवर त्याचं निभावलं असतं. पण ‘पुढच्या वेळी लक्ष ठेवीन’ एवढ्यावर तो थांबला नाही. माणसाचं लक्ष सुटणारच, हे धरून त्याने घड्याळ बांधायला घेतलं.

तबकडीभोवती त्याने फिरती कडी बसवली. बुडी मारताना कडीवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची; मग किती वेळ गेला ते एका नजरेत कळतं, आकडेमोड करावी लागत नाही. पण कडीला धक्का लागून ती सरकली तर? म्हणून दाबल्याशिवाय ती फिरणारच नाही, अशी सोय केली. पुढच्या काळात पाणबुड्यांच्या घड्याळांची कडी एकाच दिशेने फिरणारी झाली. ती चुकून फिरलीच, तर गेलेला वेळ आहे त्याहून जास्त दिसतो आणि माणूस लवकर वर येतो. चावीचं बटण पाण्यात चुकून ओढलं गेलं तर? त्याला आतून दुहेरी सील दिलं. रोज चावी दिल्याने सील झिजलं तर? यंत्रच ऑटोमॅटिक घेतलं, मनगटाच्या हालचालीवर चालणारं.

त्याच सुमारास, १९५२ साली, फ्रान्समध्ये पाण्याखालून लढणाऱ्या सैनिकांची तुकडी उभी राहत होती. ती उभारणाऱ्या कॅप्टन रॉबेर मालूबिये आणि लेफ्टनंट क्लोद रिफो यांनी बाजारातली घड्याळं तपासली होती. ती लहान होती, गढूळ पाण्यात वाचता येत नव्हती, पाणीही आत घेत होती. फिश्टरचं घड्याळ त्यांच्या चाचण्यांना उतरलं. १९५३ साली ते ‘फिफ्टी फॅदम्स’ या नावाने आलं. फॅदम म्हणजे वाव; पन्नास वाव म्हणजे सुमारे ९१ मीटर. त्या काळच्या साधनांनिशी पाणबुड्याने जावं अशी ती हद्द मानली जाई. घड्याळाच्या नावातच मर्यादा लिहिलेली होती.

पुढे अमेरिकी नौदलासाठी केलेल्या आवृत्तीत सहाच्या आकड्याच्या जागेवर, म्हणजे तबकडीच्या तळाशी, दोन रंगांचा एक छोटा गोल होता. आत ओलावा शिरला की त्याचा फिकट निळा भाग लालसर होई. आता माझ्यावर विसंबू नका, हे घड्याळ आपल्याच तोंडावर लिहून दाखवत होतं. जिथे जीव पणाला लागतो, तिथे हा प्रांजळपणा अचूकतेइतकाच मोलाचा.

आपण स्वतःला घडवतो ते बहुधा उलट. काल तोंडातून वाईट शब्द गेला की आज ‘पुन्हा नाही’ असा निश्चय करतो, आणि संध्याकाळी तीच जीभ पुन्हा घसरते. निश्चय खोटा नसतो. तो आपल्या सगळ्यात सावध घडीला केलेला असतो, आणि चूक मात्र थकलेल्या, घाईतल्या, रमलेल्या घडीला होते. त्या घडीसाठी आधीच काही बांधून ठेवावं लागतं. रागाने लिहिलेला निरोप सकाळपर्यंत न पाठवण्याचा नियम, पगार हातात येताच बाजूला काढलेली बचत, ‘माझं चुकतंय असं वाटलं तर तोंडावर सांग’ असं ज्याला सांगून ठेवलंय तो मित्र: या आपल्या कड्या आणि आपली सीलं. त्यांत कमीपणा काही नाही. स्वतःची नेमकी ओळख असल्याशिवाय त्या बसवताच येत नाहीत.

वारसा म्हणतात तोही मला असाच घडताना दिसतो. दोनशे वर्षांहून जुन्या कारखान्याला नवं आयुष्य मिळालं, ते एका माणसाने आपली चूक कामाच्या मेजावर आणून ठेवली म्हणून. आपल्या हातून वारंवार होणारी एक चूक आज अशीच समोर घेऊ या. तिच्याबद्दल खंत करत बसण्यापेक्षा, ती पुन्हा झाली तरी कुणाचं नुकसान होणार नाही अशी एक सोय दिवस मावळायच्या आत करून ठेवू या.